पांढऱ्या टॉवेलवरचा न निघणारा धागा

रुग्ण पुरुष, वय ५६, राहणार सोलापूर. काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात चेकिंगचं. चष्मा शाळेपासून, दोन्ही डोळ्यांना साधारण मायनस पाच. रक्तदाबाची गोळी चालू, मधुमेह नाही. डोळ्याला कधी मार लागलेला नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं नाही. तक्रार अशी की चार दिवसांपासून उजव्या डोळ्यापुढे काहीतरी काळं तरंगतंय आणि अंधारात त्याच डोळ्याच्या कानाकडच्या बाजूला प्रकाश चमकतोय.

असं प्रकरण दुर्मीळ नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे विकार पाहणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे असे रुग्ण नेहमी येतात. तरी ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या एकाच माणसापुढे दोन वेगळे प्रश्न एकामागून एक उभे राहिले आणि लोक नेमकी त्यांचीच गल्लत करतात. पहिला प्रश्न, डोळ्याचा पडदा शाबूत आहे का? त्याचं उत्तर त्याच दिवशी मिळायला हवं. दुसरा प्रश्न, हे ठिपके जातील का, नाही गेले तर घालवता येतील का? त्याला महिनोन्‌महिने थांबता येतं, आणि बहुतेक वेळा थांबावंच. माझ्या अनुभवात होतं उलटंच. पहिल्या प्रश्नाकडे आठवडाभर कुणी बघत नाही, आणि दुसऱ्यासाठी पहिल्या दिवसापासून थेंब, गोळ्या, जाहिराती यांचा शोध सुरू होतो. त्यात डोळे जातात. म्हणून हे लिहिते आहे. रुग्णाची संमती आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना मामा म्हणते, इथेही तसंच म्हणेन.

चार दिवस

चेकिंगचं काम बाहेरून सोपं दिसतं. टेबलावर ट्यूबलाइटच्या उजेडात पांढरा टेरी टॉवेल पसरायचा, नजर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फिरवायची. तेलाचा डाग, सुटलेला धागा, विणीतली चूक दिसली की टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात टाकायचा. मामांनी आयुष्यातली बरीच वर्षं हेच केलंय. डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी त्यांना टॉवेलवर काळा धागा दिसला. चिमटीत धरायला गेले तर धागा पुढे सरकला. "दुसरा टॉवेल घेतला, तर त्याच्यावर बी तोच. तिसऱ्यावर बी तोच. मग कळलं, धागा टॉवेलात नाही, डोळ्यात हाय."

संध्याकाळपर्यंत धाग्याबरोबर एक तुटकं कडंही दिसू लागलं. डोळा फिरवला की ते मागोमाग फिरायचं आणि डोळा थांबल्यावर थोडं पुढे जाऊन हळूहळू थांबायचं. रात्री बाथरूमला उठले तेव्हा अंधारात उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला अर्धगोल प्रकाश चमकून गेला. त्यांना वाटलं, खिडकीतून कुणी बॅटरी मारली. पुन्हा डोळा फिरवला, पुन्हा चमकलं.

मामींनी थंड पाणी मारायला सांगितलं, गुलाबपाणी घातलं. शेजारच्यांनी उष्णतेचं निदान केलं. मेडिकलमधून डोळे कोरडे पडल्यावर घालतात ते थेंब आणले. या कशानंही काही बिघडलं नाही, पण बुधवार आणि गुरुवार गेला. हे चारचौघांच्या घरात असंच घडतं आणि त्याचं कारण साधं आहे. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, पाणी येत नव्हतं, वाचायलाही नीट येत होतं. आपल्याकडे आजार दुखण्यावरून मोजतात. डोळ्याच्या पडद्याला मात्र वेदना कळतच नाही. त्याला ताण बसला, तो ओढला गेला, अगदी फाटला, तरी तो मेंदूला एकच निरोप पाठवू शकतो, तो म्हणजे प्रकाशाचा. अंधारात बाहेर कुठलाही दिवा नसताना दिसलेली ती चमक हाच तो निरोप असतो.

शुक्रवारी सकाळी उजव्या डोळ्यापुढे एकाएकी बारीक काळे ठिपके भरून आले. एक-दोन नाहीत, मोजता येणार नाहीत इतके. तेव्हा मामा घाबरले आणि नंबर वाढला असेल म्हणून सुट्टी टाकून नवी पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात गेले.

या प्रकरणात डोळा कुणी वाचवला असं मला विचाराल तर मी त्या दुकानात नंबर तपासणाऱ्या मुलीचं नाव आधी घेईन. तिनं नंबर पाहिला, तो बदललेला नव्हता. उजव्या डोळ्यानं शेवटची ओळ वाचता येत होती. तिथं ती "सगळं ठीक आहे काका" म्हणून मोकळी झाली असती तर तिला कुणी दोष दिला नसता. तिनं तीन प्रश्न विचारले. ठिपके कधीपासून? अंधारात प्रकाश चमकतो का? एका बाजूनं सावली किंवा पडदा आल्यासारखं वाटतं का? पहिल्या दोन उत्तरांवरच तिनं चिठ्ठी लिहिली आणि बजावलं, "आजच जा, सोमवारवर ढकलू नका." नजर शाबूत असणं आणि पडदा शाबूत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला ठाऊक होतं. सोलापुरातल्या प्रत्येक चष्म्याच्या दुकानात असं एक माणूस असावं असं मला मनापासून वाटतं.

आत काय झालं होतं

भिंगाच्या मागे, पडद्यापर्यंतची सगळी पोकळी एका पारदर्शक जेलीनं भरलेली असते. वैद्यकीय नाव व्हिट्रियस. सुमारे चार मिलिलिटरची ही जेली ९८-९९ टक्के पाणीच असते. उरलेल्यात कोलॅजेनचे अतिशय सूक्ष्म तंतू आणि हायलुरॉनिक ॲसिड. तरुणपणी तंतू नीट पसरलेले असतात म्हणून काही दिसत नाही. वय वाढतं तशी जेली जागोजागी पातळ होते, तंतू एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. आपल्याला ठिपके, केस, जाळी, माशी म्हणून दिसते ती ही सावली. पांढरी भिंत, उघडं आभाळ, मोबाइलचा उजळ स्क्रीन यांच्यावर ती उठून दिसते. मामांचं तर कामच पांढऱ्यावर नजर ठेवण्याचं, त्यामुळे त्यांना ती पहिल्या तासातच दिसली.

पुढे एक दिवस पातळ झालेली जेली मागच्या पडद्यापासून सुटते. पन्नाशी-साठीनंतर हे बहुतेकांचं होतं, मायनस नंबर जास्त असेल तर बरंच आधी होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही लवकर होतं. जेली सुटताना पडद्याला ओढ बसते म्हणून प्रकाश चमकतो. दृष्टीच्या नसेच्या मुखाशी ती गोलाकार चिकटलेली असते, तिथली सुटली की ते कडं जेलीत तरंगत राहतं. मामांना दिसलेलं तुटकं कडं तेच.

इथपर्यंतचं सगळं वयाचा भाग आहे, आजार नाही. धोका आहे तो जेली जिथं पडद्याला जास्त घट्ट चिकटलेली असते तिथं. तिथून ती सुटत नाही, आणि पडदाच फाटतो. नव्यानं ठिपके किंवा चमक सुरू होऊन जेली सुटलेल्या रुग्णांचे अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा त्यांच्यापैकी साधारण १४ टक्क्यांच्या पडद्याला फाट सापडली. म्हणजे सातांतला एक. उरलेल्या सहांना काही करावं लागत नाही, पण तो सातवा कोण हे घरबसल्या ओळखता येत नाही. मामांच्या बाबतीत शंका वाढवणाऱ्या गोष्टी तीन होत्या. मोठा मायनस नंबर, चमक, आणि चौथ्या दिवशी भरून आलेले बारीक ठिपके. असे ठिपके अनेकदा फाटीतून निघालेल्या रक्ताचे किंवा पडद्याखालच्या रंगद्रव्याचे असतात.

तपासणी

बाहुली मोठी करणारे थेंब घातल्याशिवाय ही तपासणी होत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण नुसत्या टॉर्चनं किंवा नंबराच्या मशीननं डोळा पाहून "काही नाही" ऐकून आलेले रुग्ण मी पाहते. थेंबांचा परिणाम चार-सहा तास राहतो, जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. त्यामुळे स्वतः गाडी चालवत येऊ नये, सोबत कुणीतरी असावं. मामा मुलासोबत आले होते.

उजव्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/६. डोळ्यातला दाब १४. चारी बाजूंनी बोटं दाखवून पाहिली, कुठेही सावली नव्हती. स्लिट लॅम्पवर भिंगामागच्या जेलीत तपकिरी कण तरंगताना दिसले. हे कण दिसले की फाट असण्याची शक्यता फार वाढते, मग ती सापडेपर्यंत थांबायचं नसतं. मामांना आडवं झोपवलं, डोक्याला बांधायच्या दिव्यानं आणि भिंगानं पडद्याचा कडेचा भाग पाहिला, पापणीवरून डोळा हलका दाबत पूर्ण गोल फिरले. दाबलं की रुग्ण कुरकुरतो, पण फाटी बहुधा या कडेच्या भागातच असतात आणि दाबल्याशिवाय त्या नीट दिसत नाहीत.

फाट सापडली वरच्या-बाहेरच्या भागात, घड्याळाच्या दहा-अकराच्या जागी. नालाच्या आकाराची, टोकाला अजून जेलीची ओढ, काठावर रक्ताचा लहान थेंब. फाटीभोवती पडद्याखाली पाणी शिरायला नुकती सुरुवात झाली होती. त्याच डोळ्यात खाली सातच्या जागी पडदा पातळ झालेला एक पट्टा होता, मायनस नंबरवाल्यांमध्ये असे पट्टे नेहमी आढळतात. डाव्या डोळ्यातही वरच्या बाजूला तसाच पट्टा, पण तिथं जेली सुटलेली नव्हती आणि फाटही नव्हती.

पुणे की आज

निदान सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "मॅडम, उद्या सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला नेतो. तिथं मोठे हॉस्पिटल हायेत." त्यात अविश्वास नव्हता, काळजी होती. सोलापूरच्या घरांत दुखणं मोठं वाटलं की पुणं किंवा हैदराबाद डोळ्यापुढे येतं, आणि काही आजारांना जावंही लागतं. मी त्याला सांगितलं की दुसरं मत घ्यायला माझी काहीच हरकत नाही, पण दुसरा दिवस शनिवार आहे. पुण्यात उतरून, नंबर लावून, तपासून लेसर होईपर्यंत सोमवार उजाडेल. तोवर पाणी फाटीतून आत जात राहील.

नालासारखी फाट, तीही चमक आणि ठिपके घेऊन आलेली, तशीच सोडली तर निम्म्याच्या आसपास डोळ्यांत पडदा सुटतो. वेळेत लेसर केलं तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत येतं. डोळ्यांच्या उपचारांत इतका स्पष्ट फरक क्वचित दिसतो. पडदा सुटलाच तर मोठं ऑपरेशन लागतं. कधी डोळ्याला बाहेरून पट्टा बांधतात, कधी जेली काढून वायू किंवा सिलिकॉन ऑइल भरतात. वायू भरल्यावर कित्येक दिवस मान ठरावीक स्थितीत ठेवावी लागते, वायू असेपर्यंत विमानानं जाता येत नाही. ऑपरेशननं पडदा बहुतेकांचा बसतो, पण पडद्याचा मधला बिंदू एकदा सुटला की वाचायची नजर अनेकदा पूर्वीसारखी होत नाही. मामांचा मधला बिंदू अजून शाबूत होता. शंभर वर्षांपूर्वी सुटलेल्या पडद्यावर इलाजच नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की मूळ कारण फाट आहे आणि ती बंद केली तर डोळा वाचतो. त्या संध्याकाळी आम्ही करणार होतो ते त्याच तत्त्वावर, फक्त कितीतरी सोप्या रीतीनं.

मामांनी एवढंच विचारलं, लेसरनं फाट शिवली जाते का. त्यांना त्यांच्याच कामातलं सांगितलं. टॉवेलचा काठ उसवू नये म्हणून कडेनं शिलाई मारतात, तशी फाटीच्या चारी बाजूंनी लेसरची शिलाई मारायची. फाट आहे तिथंच राहील, पण उसवत पुढे जाणार नाही. "मग मारा," म्हणाले.

डोळा बधिर करायचे थेंब घालून फाटीभोवती तीन ओळींत लेसरचे ठिपके दिले, आत शिरलेलं पाणीही त्या ओळींच्या आत बंदिस्त केलं. वीसेक मिनिटांचं काम. भरती व्हावं लागत नाही, पट्टी नसते. ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांनी थांबू नये. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, नेत्रविभाग आहे. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे योजनेच्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. लेसरला लागतो त्याच्या अनेक पट खर्च सुटलेल्या पडद्याच्या ऑपरेशनला लागतो, हा हिशोब मुलाला मी आवर्जून सांगितला.

नंदीध्वज

लेसरची पकड लगेच बसत नाही. दुसऱ्या दिवसापासून धरू लागते, पुरी बसायला दहा-चौदा दिवस जातात. तोवर जड उचलायचं नाही, हादरे बसतील अशी गाडी चालवायची नाही एवढं सांगितलं. पडून राहायची गरज नसते. चमक काही आठवडे दिसत राहू शकते, कारण जेलीची ओढ लेसरनं जात नाही, हेही आधीच सांगितलं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्णाला वाटतं लेसर फसलं.

तिसऱ्या आठवड्यात तपासलं तेव्हा फाटीभोवती रंगद्रव्याचा चांगला घट्ट व्रण धरला होता, पाणी पुढे सरकलं नव्हतं. मामांचा प्रश्न वेगळाच होता. संक्रांत जवळ आली होती, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. मामांच्या घरातली माणसं वर्षानुवर्षं मिरवणुकीतल्या नंदीध्वजाच्या उंच काठीला खांदा देतात. ते म्हणाले, "यंदा सराव चुकला मॅडम. आता तर दुखत बी नाही. अक्षता सोहळ्याला तरी धरू का?"

जोर लावल्यानं पडदा सुटतो याला भक्कम पुरावा नाही, हे मी त्यांना खरं ते सांगितलं. पण जेली अजून पूर्ण सुटायची होती, चमक थांबलेली नव्हती, आणि पहिल्या सहा आठवड्यांत काही जणांना नवी फाट होते. नंदीध्वजाचा भार, गर्दीची रेटारेटी, चुकून डोळ्याला बसलेला कोपर, हे सगळं एकाच दिवशी नको होतं. माझं म्हणणं असं की बाराबंदी घाला, मिरवणुकीत चाला, दर्शन घ्या, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघा. काठीला फक्त हात लावून नमस्कार करा. त्यांना ते जड गेलं, पण ऐकलं. धाकट्या भावानं खांदा दिला.

ठिपक्यांचं काय

सहाव्या आठवड्यात पडद्याचा प्रश्न निकाली निघाला. नवी फाट नव्हती, चमक क्वचितच. तिथून मामांचा खरा त्रास बोलायला सुरुवात झाली, आणि तो मी हलका मानत नाही. "जिवाचा धोका नाही, सवय होईल" एवढं बोलून अशा रुग्णाला उठवणं मला पटत नाही. मामा रोज पांढऱ्या टॉवेलवरचे दोष शोधून पोट भरतात. कडं आणि जाळी पुढे फिरत असल्यानं त्यांनी चांगले टॉवेल सेकंडमध्ये टाकले होते, आणि एकदा तेलाचा खरा डाग डोळ्यातला समजून सोडून दिला होता. सुपरवायझरनं विचारणा केली होती. नोकरी जाईल या भीतीनं झोप उडाली होती.

मुलानं मोबाइलवर शोधून बरंच आणलं होतं. एक थेंबांची बाटली, एक गोळ्यांचं पाकीट, डोळ्यांच्या व्यायामाचे व्हिडिओ, अननस खाण्याचा सल्ला, आणि एका मोठ्या शहरातल्या लेसरची जाहिरात. पहिल्या चारांचा निकाल लवकर लागला. बाहेरून घातलेले थेंब जेलीतल्या गुठळ्या विरघळवत नाहीत. गोळ्या आणि अननसानं ठिपके जातात याला विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही. व्यायामानं जेली परत पारदर्शक होत नाही. पैसे वाचवा, अननस आवडत असेल तर फळ म्हणून खा, असं सांगितलं.

लेसरची जाहिरात मात्र नीट समजावून घ्यायची होती, कारण मुलाचा समज असा झाला होता की बाबांना एक लेसर झालंय, त्यानं ठिपके गेले नाहीत, म्हणजे आता चांगलं लेसर करायला हवं. आम्ही केलेलं लेसर पडदा चिकटवण्याचं होतं. ठिपक्यांवर मारतात ते याग लेसर वेगळं, ते जेलीतली गुठळी फोडायचं काम करतं. २०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ५२ रुग्ण होते. काहींना खरं लेसर दिलं, काहींना नुसतं नाटकापुरतं. सहा महिन्यांनी खऱ्या लेसरवाल्यांपैकी ५४ टक्क्यांनी बरं वाटतं असं सांगितलं, दुसऱ्या गटात ९ टक्क्यांनी. म्हणजे उपयोग होतो, पण खरं लेसर मिळालेल्यांतही जवळजवळ निम्म्यांना तो जाणवला नाही. शिवाय रुग्ण थोडे आणि काळ कमी. चालतं ते एकच ठळक कडं असेल, आणि ते भिंगापासून व पडद्यापासून पुरेसं लांब असेल तेव्हा. नेम चुकला तर भिंगाला इजा होऊन मोतीबिंदू होऊ शकतो, पडद्याला इजा होऊ शकते, डोळ्यातला दाब वाढू शकतो. मामांच्या डोळ्यात कड्याबरोबर विखुरलेली जाळीही होती, भिंग त्यांचं स्वतःचं होतं आणि पडद्याला सहा आठवड्यांपूर्वी फाट पडलेली. मी नाही म्हटलं. दोन-तीन वर्षांनी नुसतं कडं उरलं आणि तेच नडलं तर पुन्हा बोलू.

उरलं ऑपरेशन, व्हिट्रेक्टमी. १९७० च्या सुमाराला रॉबर्ट माखेमर यांनी हे तंत्र उभं केलं, आता अर्ध्या मिलिमीटरएवढ्या तीन छिद्रांतून जेली काढून तिथं दुसरा द्रव भरतात. ठिपके घालवण्याचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे, हे लपवायचं कारण नाही. किंमत मात्र मोठी. पन्नाशीपुढच्या ज्या डोळ्यात स्वतःचं भिंग आहे त्यात या ऑपरेशननंतर बहुतेकांना एक-दोन वर्षांत मोतीबिंदू होतो, म्हणजे दुसरं ऑपरेशन ठरलेलं. पडद्याला नवी फाट पडण्याचा किंवा तो सुटण्याचा धोका थोडा पण खरा. जंतुसंसर्ग फार क्वचित होतो, झाला तर डोळा जाऊ शकतो. ६/६ नजरेच्या डोळ्यावर हे सगळं ओढवून घ्यायचं तर त्रास तेवढ्याच तोलाचा हवा आणि वाट पाहून झालेली हवी. काही जणांचा तो असतो. त्यांना मी ऑपरेशनबद्दल स्वतःहून सांगते. "ठिपक्यांसाठी कुणी ऑपरेशन करतं का" असं म्हणून त्यांना गप्प बसवणं हा अन्याय आहे.

मामांसाठी आम्ही सहा महिने ठरवले, आणि त्या सहा महिन्यांत करायचं काय ते नीट आखलं. वाट बघा म्हणजे हातावर हात ठेवून बसा असं मी कधीच सांगत नाही. सुपरवायझरच्या नावानं चिठ्ठी दिली की नजर उत्तम आहे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर तात्पुरता अडथळा आहे, शक्य असल्यास काही महिने रंगीत मालावर ठेवावं. गडद निळ्या, मरून टॉवेलवर सावली जवळजवळ दिसत नाही. ट्यूबलाइट थेट डोक्यावर होती, ती थोडी बाजूला घ्यायला सांगितली. उन्हात जाताना फिकट तपकिरी काच. ठिपका नेमका मध्ये आला तर डोळा झटकन वर-खाली फिरवायचा, जेली ढवळली की ठिपका बाजूला जातो. आणि एक गोष्ट मामींना सांगितली, की दिवसातून दहादा "आता दिसतंय का हो" विचारू नका. मेंदू बिनकामाची सावली दुर्लक्षायला शिकतो, पण सारखी आठवण करून दिली तर त्याला वेळ लागतो. शिवाय सुटलेली जेली हळूहळू पुढे सरकते, कडं पडद्यापासून लांब गेलं की त्याची सावली फिकी होते. म्हणून थांबण्यात अर्थ असतो.

जे वेगळं असू शकलं असतं

ठिपके आणि चमक म्हटलं की सगळे मामांसारखेच नसतात. चमक दोन्ही डोळ्यांना एकदम, नागमोडी रेषांची, वीस-तीस मिनिटं पसरत जाणारी असेल आणि मागोमाग डोकं दुखत असेल तर ती बहुधा मायग्रेनची. मधुमेह असलेल्यांना एकाएकी काळं जाळं उतरल्यासारखं वाटलं तर डोळ्यात रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा आतलं दिसत नाही म्हणून सोनोग्राफी करून पडदा पाहावा लागतो. ठिपक्यांबरोबर डोळा लाल, दुखरा, उजेड न सोसणारा असेल तर आत सूज असते, तिचे उपचार अगदीच निराळे. विडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायका हे सगळं "नजर थकली" म्हणून सोडून देतात, मान खाली घालून काम चालू ठेवतात. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं. ठिपके नव्यानं सुरू झाले असतील, एकदम वाढले असतील, चमक असेल, किंवा एका बाजूनं सावली चढत असेल तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. सावली चढत असेल तर रात्रीचीही वाट पाहायची नाही.

वर्षानुवर्षं तेच दोन-तीन ठिपके असतील, न वाढता, तर घाईचं काही नाही. पण एकदा पडदा बघून घेतलेला बरा.

सहा महिन्यांनी

जूनच्या तपासणीत उजवा डोळा ६/६, लेसरचा व्रण पक्का, चमक बंद. कडं आहे. मामांच्या शब्दांत, "उन्हात आभाळाकडं बघितलं की फिरायलीय माशी, नाहीतर ध्यानात येत नाही." रंगीत मालावरून ते मे महिन्यात आपणहून पांढऱ्यावर परतले, पहिले काही दिवस जड गेले, आता चूक होत नाही. ऑपरेशनचा विषय त्यांनीच मिटवला. मी नोंदीत लिहिलंय की दोन वर्षांनी पुन्हा विचारावं, माणसाचं मत बदलू शकतं.

डाव्या डोळ्यातली जेली अजून सुटलेली नाही. एका डोळ्यात झालं की दुसऱ्यातही पुढच्या काही वर्षांत होण्याची शक्यता बरीच असते, आणि तिथं पातळ पट्टा आहे. फाट नसलेल्या, तक्रार नसलेल्या पट्ट्यावर आधीच लेसर मारावं का याबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत. एका डोळ्याचा पडदा सुटलेला असता तर मी दुसऱ्याच्या पट्ट्यावर लेसर करण्याकडे झुकले असते. मामांचा सुटला नव्हता, ते लक्षणं ओळखायला शिकलेत आणि दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर राहतात. म्हणून फक्त लक्ष ठेवायचं ठरलं. डावा डोळा दर सहा महिन्यांनी, आणि मधे काही नवं दिसलं तर त्याच दिवशी. घरी रोज सकाळी एकेक डोळा झाकून समोरची भिंत पाहायची आणि चारी कोपरे दिसतात का बघायचं, एवढं मामींच्या देखरेखीखाली चालू आहे. मुलाचाही नंबर मायनस सहा निघाला. त्याचा पडदा त्याच भेटीत तपासला, दोन्ही डोळे चांगले आहेत, पुढची तपासणी वर्षानं.